एकच गोळी, वेगवेगळी शरीरं

(वाशीम येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. शुगरच्या गोळीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, नाडी बघणारा नाही. त्यामुळे कोणती गोळी घ्या, किती घ्या, हे मी सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण या विषयाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो तर्कशास्त्राचा आहे. तेवढ्यापुरता मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो.

तो प्रश्न असा. घरात एखाद्याला मधुमेह आहे. गोळी चालू आहे. तीन महिन्यांनी तपासणी होते आणि साखर जिथल्या तिथेच. मग घरचे काय म्हणतात? "तुम्ही पथ्य पाळत नाही." सून म्हणते, मुलगा म्हणतो, शेजारी म्हणतो, कधीकधी डॉक्टरही म्हणतात. तो माणूस सांगून सांगून थकतो की बाबांनो, मी चहातली साखर बंद केली, भात सोडला, रोज सकाळी फिरायला जातो. कोणी ऐकत नाही. मग तो काय करतो? तपासणीला जाणंच बंद करतो. आकडा कळला की बोलणी खावी लागतात, त्यापेक्षा आकडा न कळलेला बरा. आणि पुढे चारपाच वर्षांनी डोळे किंवा पाय किंवा किडनी तक्रार करायला लागते, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणजे एका चुकीच्या अनुमानाची किंमत एक पाय असू शकते. म्हणून हे अनुमान आपण नीट तपासू.

धूर आणि अग्नी

न्यायशास्त्रातलं उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर, कारण धूर अग्नीशिवाय होत नाही. आता ते उलटं करून बघा. तिथे अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. हे बरोबर आहे का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा बघा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. नैयायिक म्हणतात, धूर व्हायला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला त्यांनी नाव दिलं 'उपाधी'. आणि जो हेतू कधी साध्याबरोबर असतो, कधी त्याच्याशिवायही असतो, त्याला म्हटलं 'सव्यभिचार'. म्हणजे हेत्वाभास, फसवा पुरावा.

आता आपलं वाक्य घ्या. "याची साखर उतरली नाही, म्हणून यानं पथ्य मोडलं." पथ्य मोडलं तर साखर चढते हे खरं. पण साखर चढलेली आहे म्हणजे पथ्य मोडलेलंच आहे, हे खरं नाही. पथ्य काटेकोर पाळणाऱ्याचीही साखर चढी राहू शकते. मधे काही अटी आहेत ज्या आपल्याला दिसत नाहीत. त्या अटींपैकी काही त्या माणसाच्या जनुकांत लिहिलेल्या असतात, जन्माच्याही आधीपासून. आज आपण त्या बघणार आहोत.

पाहुण्यासारखी येणारी आणि जाणारी गोळी

उदाहरणाला सगळ्यांच्या ओळखीची गोळी घेऊ, मेटफॉर्मिन. टाइप २ मधुमेहात सहसा पहिली दिली जाते ती हीच. स्वस्त आहे, जुनी आहे. तिचं मूळ युरोपातल्या एका शेंगवर्गीय वनस्पतीत आहे, गॅलेगा ऑफिसिनॅलिस. त्या वनस्पतीतल्या द्रव्यांवरून पुढे प्रयोगशाळेत नवी द्रव्यं तयार झाली. मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये बनवलं गेलं, पण मधुमेहावर माणसांना देऊन त्याचा अहवाल प्रसिद्ध केला तो पॅरिसच्या जीन स्टर्न यांनी, १९५७ साली. अमेरिकेत तर त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं.

आता या गोळीची एक गंमत आहे. बहुतेक औषधं शरीरात गेली की यकृत त्यांची मोडतोड करतं. मेटफॉर्मिनची मोडतोड होतच नाही. पाहुणा जसा अंगावरच्या कपड्यांनिशी येतो आणि तसाच परत जातो, तशी ही गोळी. आतड्यातून साधारण अर्धी रक्तात शिरते, यकृतात जाते, तिथे काम करते आणि मूत्रपिंडातून लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. तिचं मुख्य काम कोणतं? यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं, तो सोडण्याचा वेग कमी करणं.

पण हा पाहुणा भिंतीतून आत शिरू शकत नाही. त्याला दार लागतं. पेशींच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात, त्यांना शास्त्रज्ञ वाहक प्रथिनं म्हणतात. यकृतात शिरायचं मुख्य दार म्हणजे ओसीटी-१. मूत्रपिंडात शिरायचं दार ओसीटी-२ आणि तिथून लघवीत जायची दारं मेट नावाची. प्रत्येक दार कसं घडवायचं याचा आराखडा एकेका जनुकात असतो. आराखडा आईकडून एक येतो, वडिलांकडून एक येतो. कोणाच्या आराखड्यात एखादं अक्षर बदललेलं असतं. दार असतं, पण अरुंद असतं, किंवा नीट उघडत नाही.

म्हणजे दोन भाऊ एकाच दुकानातून एकाच कंपनीची पाचशे मिलिग्रॅमची गोळी घेतात, पण दोघांच्या यकृतात ती सारखीच शिरेल याची खात्री नाही.

विज्ञानानं स्वतःलाच विचारलेला प्रश्न

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. दार अरुंद, म्हणून गोळी कमी लागू. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी तेच दाखवलं. उंदरांमध्ये ओसीटी-१ दार काढून टाकलं तर मेटफॉर्मिनचा परिणाम घटला. मग निरोगी स्वयंसेवक घेतले. ज्यांचं दार कमकुवत होतं, त्यांच्यात साखर कमी करण्याचा परिणाम कमी दिसला.

पण मंडळी, विज्ञान इथे थांबत नाही, हेच त्याचं मोठेपण. दोन वर्षांनी, २००९ साली स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्ष मधुमेह असलेल्या १,५३१ रुग्णांवर हीच गोष्ट तपासली गेली. दार कमकुवत असलेल्यांची साखर कमी उतरली का? नाही, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मग आधीचा प्रयोग खोटा होता का? तसंही नाही. यकृताचं एक दार हा साखळीतला एकच दुवा आहे. गोळी आतड्यातही काम करते. शरीराला पर्यायी वाटा असतात. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलता येते, माणसाच्या आयुष्यात दहा गोष्टी एकदम बदलत असतात.

पण त्याच दाराचा संबंध दुसऱ्या एका गोष्टीशी निघाला, आणि ती आपल्या घराघरातली आहे. मेटफॉर्मिन घेतल्यावर अनेकांना मळमळ होते, पोटात गुरगुरतं, जुलाब होतात. काहींना इतका त्रास होतो की गोळी बंदच करावी लागते. स्कॉटलंडच्याच रुग्णांत २०१५ साली असं दिसलं की ज्यांना आईवडील दोघांकडूनही ओसीटी-१चा कमकुवत आराखडा मिळाला होता, त्यांच्यात गोळी न सोसण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती. आणि त्यातच जर ते या दाराला अडथळा आणणारं दुसरं औषध घेत असतील, तर चौपटीहून जास्त. अशा औषधांच्या यादीत अॅसिडिटीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्याही होत्या.

आता आठवा, गोळीनं पोट बिघडतं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? "नाटकं करतो. गोळी घ्यायची नाही म्हणून बहाणा." तो बहाणा नसेल. डॉक्टरांना सांगितलं तर ते कमी मात्रेनं सुरुवात करून हळूहळू वाढवतात, जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, सावकाश विरघळणारी गोळी देतात. वाट असते. पण तक्रार ऐकून घेतली तर.

जनुक म्हणजे नशीब नव्हे

कोणी म्हणेल, सर, मग झालं. जनुकात लिहिलंय, आता पथ्य कशाला? आपल्याकडे ही फार सोयीची पळवाट आहे. आधी आपण म्हणायचो कपाळावर लिहिलंय, आता म्हणू जनुकात लिहिलंय. कपाळ बदललं, आळस तोच.

म्हणून आकडा लक्षात ठेवा. मेटफॉर्मिनला कोणाचं शरीर किती प्रतिसाद देतं, यातल्या फरकाचा किती वाटा जनुकांचा? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्याच अभ्यासात तो मोजण्याच्या पद्धतीनुसार २० ते ३४ टक्के निघाला. म्हणजे फार तर एक तृतीयांश. आणि तो एका जनुकाचा नाही, शेकडो ठिकाणच्या बारीक फरकांचा मिळून. उरलेला मोठा वाटा कशाचा? आजार किती जुना आहे, सुरुवातीला साखर किती होती, वजन किती, मूत्रपिंड कसं चालतंय, गोळी नियमित घेतली का, खाणं काय, झोप किती. पथ्य या यादीत आहेच. पण यादीत एकटं पथ्य नाही, हे माझं म्हणणं.

एका जनुकाचा परिणाम केवढा असतो, तेही बघा. २०१६ साली एसएलसी२ए२ नावाच्या जनुकातला एक फरक सापडला. हे जनुक साखरेसाठीचं दार बनवतं. लठ्ठ रुग्णांमध्ये ज्यांच्याकडे या फरकाच्या दोन प्रती होत्या, त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा ०.३३ टक्क्यांनी जास्त उतरली. आठवरून सातवर यायचं असेल तर हा एक तृतीयांश रस्ता झाला. मदत आहे, पण जादू नाही.

म्हणजे दोन टोकं आहेत. एका टोकाला 'सगळा दोष तुझाच', दुसऱ्या टोकाला 'सगळं जनुकातच'. दोन्ही टोकांवर बसलेला माणूस विचार करायचं थांबवतो.

जिथे जनुक खरोखर निर्णय बदलतं

काही ठिकाणी मात्र जनुकाचा वाटा मोठा असतो. मधुमेहाचा एक प्रकार आहे, मोडी. तरुणपणी होतो आणि आजोबा, वडील, मुलगा असा पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, कारण तो एकाच जनुकातल्या बिघाडानं होतो. त्यातल्या एचएनएफ१ए या जनुकाच्या प्रकारात २००३ साली इंग्लंडमध्ये असं दिसलं की ग्लिक्लाझाइड या सल्फोनिल्युरिया गटातल्या गोळीला रुग्णांनी मेटफॉर्मिनच्या पाच पटींहून जास्त प्रतिसाद दिला. अशा माणसाला वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनच देत राहणं आणि वर पथ्यावरून बोलणं, यात त्याचं काय चुकलं?

दुसरं उदाहरण तान्ह्या बाळांचं. जन्मल्यापासून पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह झाला, तर तो बहुतेक वेळा एका जनुकाचा असतो. २००६ साली अशा एका विशिष्ट जनुकाच्या ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिल्युरिया गोळ्या देऊन बघितल्या. ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं. विचार करा, रोज सुया टोचून घेणाऱ्या लेकराच्या घरात त्या दिवशी काय वाटलं असेल. इथे जनुकाची तपासणी ही चैन नाही.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. मेटफॉर्मिनच्या जोडीला आपल्याकडे ग्लिमेपिराइड फार दिलं जातं. तेही सल्फोनिल्युरियाच. ही गोळी मात्र यकृतात मोडली जाते, सीवायपी२सी९ या विकराकडून. ज्यांचं हे विकर जन्मतःच मंद आहे, त्यांच्या शरीरात गोळी जास्त वेळ रेंगाळते. त्यांची साखर चांगली उतरते, पण कधीकधी नको इतकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. आणि हे कधी होतं? एकादशी-चतुर्थीला गोळी घेऊन उपवास केला, किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळची भाकरी न खाताच वावरात गेलो, की. लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नसेल, साखर उतरली असेल. या दोघांचा उपाय वेगळा आहे, म्हणून घरातल्या प्रत्येकाला ही लक्षणं माहीत पाहिजेत.

पुण्याचा धडा

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचं एक छायाचित्र दिलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांच्या दृष्टीनं दोघं एकसारखे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. आपल्या देशात लाखो माणसं अशी आहेत.

त्यांच्याच गटानं स्वीडनच्या लुंड विद्यापीठाबरोबर २०२२ साली आणखी एक गोष्ट मांडली. भारतात तरुण वयात टाइप २ मधुमेह झालेल्यांमध्ये इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा गट फार मोठा आहे. स्वीडनमध्ये तसं चित्र नाही. याचा आपल्या विषयाशी संबंध काय? मेटफॉर्मिन यकृताला आवरतं, पण ते इन्सुलिन तयार करत नाही. ज्याच्याकडे मुळात इन्सुलिनच कमी आहे, त्याला एकट्या मेटफॉर्मिननं पुरं पडणार नाही. त्याची सगळी दारं सताड उघडी असली तरीही. म्हणजे गोळी लागू न पडण्याची दोन वेगळी कारणं झाली. एक, शरीर गोळीचं काय करतं. दुसरं, गोळीला समोर कोणता आजार भेटतो. दोन्हींत जनुकांचा हात असू शकतो.

आणि पुण्याच्याच अभ्यासातली तिसरी गोष्ट, ती सर्वांत उपयोगाची. २००६ साली याज्ञिक यांच्या गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. खेड्यातले, झोपडपट्टीतले, शहरी मध्यमवर्गीय, सगळे होते. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण. आता यात भर घाला की मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर ते बी-१२चं शोषण कमी करतं. पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आपण म्हणतो, शुगरनं नसा गेल्या. शुगरनं गेल्या असतील, बी-१२नंही गेल्या असतील. पहिल्याचा उपाय अवघड आहे, दुसऱ्याचा सोपा आणि स्वस्त. म्हणून बऱ्याच वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू असेल आणि घर शाकाहारी असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा, बी-१२ तपासायचं का?

मोजपट्टीच वाकडी असेल तर

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की साखरेचा आकडा खरा आहे. पण विदर्भात हेही गृहीत धरता येत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे. २०२३ साली १ जुलैला केंद्र सरकारनं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यामुळे शाळाशाळांतून तपासण्या झालेल्या तुम्ही बघितल्या असतील.

एचबीए१सी म्हणजे काय? रक्तातल्या लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्याचं माप. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. सिकलसेलच्या रुग्णात पेशी फार लवकर मरते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. आकडा कमी येतो आणि वाटतं, वा, साखर छान आहे. प्रत्यक्षात नसते. नुसता वाहक असेल तर फरक लहान असतो, पण तपासणीच्या पद्धतीप्रमाणे तोही पडू शकतो. उलट, लोह कमी असल्यामुळे होणाऱ्या पांडुरोगात आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आपल्या बायाबापड्यांमध्ये तो किती आहे, हे मी सांगायला नको. म्हणजे तिनं पथ्य पाळलं, गोळी लागू पडली, साखर उतरली, आणि तरी कागदावर उतरली नाही. बोलणी मात्र तिला.

तर्कशास्त्रात आम्ही सांगतो, हेतूच असिद्ध असेल तर पुढचं अनुमान कशावर उभं करणार? इथे तेच आहे. सिकलसेल किंवा पांडुरोग असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघून निर्णय घेतील.

सामान्य आणि विशेष

शेवटचा मुद्दा. कणादांच्या वैशेषिक दर्शनात 'सामान्य' आणि 'विशेष' हे दोन वेगळे पदार्थ मानले आहेत. शास्त्रात 'विशेष'चा अर्थ फार काटेकोर आहे, मी इथे तो शब्द सैल अर्थानं वापरतो. औषधाची चाचणी होते ती सामान्यावर. हजारो माणसांची सरासरी काढतात. गोळी गिळतो मात्र विशेष, म्हणजे एक माणूस, ज्याला नाव आहे, गाव आहे, स्वतःचं यकृत आहे.

पण सरासरी तरी कोणाची? एसएलसी२ए२ जनुकाचा शोध ज्याच्यावर उभा राहिला, त्या विश्लेषणात युरोपीय वंशाची १०,५७७ माणसं होती. ओसीटी-१चे अभ्यास स्कॉटलंडचे. हे काम उत्तम आहे, आपण त्याचे ऋणी आहोत. पण जनुकातल्या फरकांचं प्रमाण समाजासमाजात बदलतं. भारताच्या संदर्भात दक्षिणेत, पुदुच्चेरीला, ओसीटी-१वर काम झालं आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. २०२४ साली आपल्या वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी उद्या हे प्रश्न मानोऱ्याच्या आणि मालेगावच्या माणसांबद्दल विचारावेत, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मोजणीत जो नसतो, त्याच्यासाठी सरासरी ही दुसऱ्याच्या मापाची चप्पल असते.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग सगळ्यांनीच जनुकांची तपासणी करून घ्यावी का? हल्ली जाहिराती येतात.

मेटफॉर्मिनसाठी? नाही. एका जनुकाचा परिणाम छोटा आहे, आणि त्या अहवालावरून डॉक्टरांचा निर्णय सहसा बदलत नाही. तेवढ्या पैशात बी-१२, क्रिएटिनिन आणि डोळ्यांची तपासणी करा. पण बाळाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला, किंवा सडपातळ तरुणाला झाला आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच होत आलाय, तर तज्ज्ञांना जरूर विचारा. कोणती तपासणी करायची ते प्रश्नावरून ठरतं, जाहिरातीवरून ठरवू नका.

प्रश्न : आयुर्वेदात वात-पित्त-कफ प्रकृती सांगितली आहे. ते हेच नाही का?

प्रत्येक शरीर वेगळं, म्हणून उपचार वेगळा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा मला आदर आहे. पुण्याच्या संशोधकांनी २०११ साली १३२ निरोगी लोकांची प्रकृती आणि सीवायपी२सी१९ हे औषध मोडणारं विकर यांचा संबंध तपासला. काही संबंध दिसला. पण लोक फक्त १३२, आणि ते विकर मधुमेहाच्या या गोळ्यांचं मुख्य विकर नाही. त्यामुळे विचार सारखा आहे एवढं म्हणू, सिद्ध झालं असं आताच म्हणू नये. आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाला पुरावा जरा जास्तच मागावा, ही चांगली सवय आहे.

प्रश्न : (एक आजी) बाप्पा, माह्या घरी त म्हणतात तू गोड खातं. मी खात नाही. गोयी बंद करू का?

आजी, गोळी अजिबात बंद करू नका. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी मान्य करतो. आता एक करा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तुमच्यावर ओरडणाऱ्याला सोबत न्या. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. माझी किडनी कशी आहे? माझं रक्त कमी आहे का, आणि त्यानं आकडा चुकतोय का? माझी बी-१२ तपासायची का? आणि हीच गोळी पुरेशी आहे, की बदलायची किंवा दुसरी जोडायची? मात्र तुम्हीही त्यांना खरं सांगायचं. गोळी कधी चुकली, कशानं चुकली, पोट बिघडलं का, उपवासाला काय खाल्लं. दोन्हीकडून खरं बोललं तरच कारण सापडतं.

प्रश्न : सर, पथ्य न पाळणारे लोकही असतातच की. ते तुमचं बोलणं ढाल म्हणून वापरतील.

वापरतील. तर्काचा कोणीही गैरवापर करू शकतं. मी एवढंच म्हणतो की 'पथ्य मोडलं' हे अनेक कारणांपैकी एक आहे. ते तपासावं, आणि इतर कारणंही तपासावीत. आधी तपास, मग निवाडा. आरोपीला आपण कोर्टातसुद्धा बोलू देतो, घरातल्या माणसाला तेवढं तरी द्यावं.

वेळ संपली असं मागून खुणावताहेत.